आमटीत किती, कुंडीत किती

“मग नेमकं किती टाकू, भंतेजी? तेवढंच सांगा. बाकीचं सगळं मला माहितीये.”

प्रज्योतने काचेची बरणी विहाराच्या वरच्या पायरीवर ठेवली आणि स्वतः खालच्या पायरीवर बसला.

भंते अश्वजित बरणीकडे बघत राहिले.

आत एक लाल झिंगा होता. बोटाच्या पेराएवढाही नाही. मादी. पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस, आणि ती आपल्या बारक्या पायांनी त्या अंड्यांना सारखा वारा घालत होती.

“एकटीच?”

“एकटीच उरलीये.”



आता हा प्रज्योत खिल्लारे म्हणजे हडपसरचा पोरगा. दिवसभर कंपनीत कम्प्युटरसमोर, पण जीव सगळा घरातल्या काचेच्या टाकीत. टाकीत झिंगे आणि गोगलगायी. आणि झिंगे पण असेतसे नाहीत हं. दुकानातून आणलेल्या फिकट झिंग्यांतून निवडून निवडून, पिढीमागून पिढी, त्याने असा लाल रंग काढला होता की डाळिंबाच्या दाण्याने मान खाली घालावी. तसला रंग दुसऱ्या कुणाकडे बघितला नव्हता त्याने. त्यामुळे डोकंही जरा वर गेलं होतं. झिंगेवाल्यांच्या ग्रुपवर कुणी प्रश्न टाकला की पहिलं उत्तर प्रज्योतचं. कुणी त्याला विरोध केला की पुढची सगळी उत्तरंही प्रज्योतचीच.

आणि मग टाकीचं गणित फिसकटलं.

आधी गोगलगायी. शंखाची टोकं झिजायला लागली, पाठीवर पांढरे खड्डे पडले. प्रज्योतने एका नजरेत ओळखलं. कॅल्शियम कमी पडतंय. घरात आरओचं पाणी, अगदी शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे त्यात काहीच नाही. शंख बनणार कशाचा?

लगेच सगळा दारूगोळा काढला. अंड्यांची टरफलं भाजून पूड केली. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस आणून खलबत्त्यात कुटला. वरून बाटलीतले थेंब. पाण्यात काय नि किती विरघळलंय ते सांगणारं एक पेन मिळतं, ते खिशात घेऊनच फिरायला लागला.

गोगलगायी चमकायला लागल्या. ग्रुपवर फोटो गेले, अंगठे आले.

आणि झिंगे मरायला लागले.

झिंग्याला वाढायचं तर जुनी कात टाकावी लागते. गोगलगायीचं घर तिच्याबरोबर वाढतं, झिंग्याला घर फोडून बाहेर यावं लागतं. पण ती कात आता इतकी टणक झाली की फुटेच ना. मानेभोवती पांढरं कडं उमटायचं, आणि सकाळी अर्धा आत, अर्धा बाहेर असा एखादा सापडायचा.

प्रज्योत घाबरला. अर्धं पाणी काढून नवीन भरलं. झिंगे जरा सावरतात न सावरतात तोच गोगलगायी एकमेकींच्या पाठीवर चढून एकमेकींचे शंख खरवडून खायला लागल्या. मग परत पूड. परत झिंगे गेले. परत पाणी. रोज संध्याकाळी घरात पाय टाकला की आधी पेन, मग चमचा. आई म्हणायची की टाकीला लागते तेवढी औषधं तर आपल्या घरात कुणालाच लागत नाहीत.

असं करत करत ही एक राहिली.

ही गेली की तो रंगच गेला. परत तो रंग उभा करायचा म्हणजे सगळी वर्षं पहिल्यापासून.

भंतेजींकडे यायचं कारण असं, की मागच्या पौर्णिमेला तो आईला घेऊन इथे विहारात आला होता. फुरसुंगीच्या पुढे, टेकडीच्या कडेला हा विहार. अंगणात कमळाची सिमेंटची मोठी कुंडी, आणि कुंडीत आपोआप आलेल्या गोगलगायी. प्रज्योत सहज वाकला आणि तसाच राहिला. शंख टोकापर्यंत अख्खे. एक ओरखडा नाही.

त्याने विचारलं होतं की यात काय टाकता.

भंतेजी म्हणाले होते, पाणी.

आणखी काय?

उन्हाळ्यात परत पाणी.

प्रज्योतला ते काही पटलं नव्हतं. यांचं काहीतरी गुपित असणार, आणि भिक्खू माणूस असल्यामुळे विचारल्याशिवाय सांगत नसणार, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणून आज रविवारी तो बरणी मांडीत धरून, रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला हळू म्हणत म्हणत आला होता.

“भंतेजी, नुसता आकडा द्या. तेवढ्यावर मी बसवतो सगळं.”

“झिंग्यांचं मला काही कळत नाही.”

“तसं नाही म्हणायचं मला...”

“खरंच कळत नाही.” भंतेजींनी बरणी उचलून सावलीत सरकवली. “पण तुला मोजता येतं ना?”

“मोजायला तर येतंच.”

“नेमकं?”

“एकदम नेमकं.”

“मग बरं झालं आज आलास.”

ते उठले आणि विहाराच्या मागच्या बाजूला निघाले. प्रज्योत मागोमाग.

मागे चूल पेटली होती. त्या दिवशी सोजरआजींकडून भोजनदान होतं. आजी मूळच्या लातूरकडच्या, आता मुलाकडे हडपसरला असतात, आणि स्वयंपाक चुलीवरच करतात, गॅसवर आमटीला चव येत नाही म्हणतात. भंतेजींना तर जेवण होतंच, शिवाय विहाराच्या कुंपणाची भिंत बांधायला सकाळपासून लिंबाजीमामा आणि त्यांची माणसं राबत होती, त्यांचीही पंगत तिथेच बसायची होती. मोठ्या पातेल्यात आमटी रटरटत होती.

भंतेजींनी आजींना सांगितलं की आज आमटीत मीठ हा पोरगा घालेल. नेमकं घालेल. सगळ्यांना बरोबर होईल असं. त्यामुळे आज ताटात मीठ वाढायची गरज नाही.

आजींनी प्रज्योतला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“ह्यो? ह्यानं घरी कधी चहा तरी टाकलाय का, इचारा की.”

प्रज्योत हसला. म्हटलं, आजी, तुम्ही नुसतं बघा. अहो, जो माणूस पाण्यातले न दिसणारे क्षार मोजतो त्याला पातेलंभर आमटी म्हणजे काय. आणि मनात तर त्याने हिशेबही लावला होता, की हे झालं की भंतेजी आकडा देणार.

भंतेजी जाऊन आतल्या सभागृहात, आपल्या आसनावर बसले. भिक्षापात्र समोर.

एक गोष्ट लक्षात घ्यायची. भंतेजींचं जेवण दिवसातून एकदाच, आणि तेही दुपारी बाराच्या आत. बारा टळले की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नाही. प्रज्योतला हे माहीत होतं. पण वेळ भरपूर होता.

त्याने वाटीत आमटी काढली, गार केली आणि खिशातलं पेन काढून तीत बुडवलं.

आजी पळी धरून बघतच राहिल्या.

“काय रे, ताप आलाय का तिला?”

लिंबाजीमामांची माणसं भिंतीवरून खो खो हसली. पेनावर आकडा चढत चढत गेला आणि पुढे नुसत्या रेघा दिसायला लागल्या. डाळ, हळद, चिंच, सगळंच मोजायला निघालं होतं बिचारं. प्रज्योतने पेन पुसून खिशात ठेवलं आणि म्हणाला, ठीक आहे, चवीने करू.

मीठ घातलं. ढवळलं. आणि पहिली वाटी नेऊन लिंबाजीमामांना दिली. माणूस सकाळपासून उन्हात दगड उचलत होता, पाठीवर सदरा सुकून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या.

मामांनी घोट घेतला.

“अळणी हाय, साहेब.”

प्रज्योतने मूठभर घातलं. मामा म्हणाले, हां, आता जमलं.

मग आजींना दिली. आजींनी जीभ लावली आणि वाटी खाली ठेवली.

“मला डाक्टरनं मीठ तोडाया लावलंय. मारतो का रे मला?”

म्हणून तांब्याभर पाणी घातलं.

आता मामा म्हणाले की ही आमटी नाही, ही तर मुळा-मुठा झाली. परत मीठ. आजी म्हणाल्या, परत तेच. परत पाणी. मामांच्या एका गड्याला जरा जास्त लागायचं, दुसऱ्याला कमी. प्रज्योत प्रत्येकाकडे वाटी घेऊन पळत होता, कपाळावर घाम, हातात चमचा, आणि चेहऱ्यावर तीच संध्याकाळची टाकीसमोरची कळा. पातेलं काठोकाठ आलं. आमटीचा रंग उडाला. आजी मधेच म्हणाल्या की बाबा, डाळ आता तळाला जाऊन बसलीये, लाजून.

“थांबा आजी, आता बसतंय. थोडंच राहिलंय.”

“काय थोडं राहिलंय? घड्याळ बघ.”

त्याने आत बघितलं. काटे जवळजवळ येऊन ठेपले होते. भंतेजी तसेच बसले होते. पाठ ताठ, हात मांडीत, पात्र रिकामं. घाई नाही, हाक नाही.

आता कुणाच्या चवीचं बघायचं? मामांच्या? आजींच्या? का ज्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं त्या भंतेजींच्या?

शेवटचा तांब्या पाण्याचाच पडला होता. तशीच आमटी उतरवली. वंदना झाली, भंतेजींच्या पात्रात दान वाढलं, समोर पंगत बसली. प्रज्योत वाढायला.

कुणी काही बोललं नाही. अन्नाला नावं ठेवत नाहीत.

लिंबाजीमामांनी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली, घास तोंडात टाकला. मग त्यांची बोटं ताटाच्या कडेला गेली. तिथे काहीच नव्हतं. बोटं जरा तिथेच घुटमळली आणि परत आली.

शेजारच्या गड्याचंही तसंच. बोटं कडेला, आणि परत.

आजींचा हात मात्र कडेला गेला नाही. त्या अळणी आमटी भुरके मारून, मजेत खात होत्या.

प्रज्योत हातात पळी घेऊन उभा. बघतोय.

परत मामांची बोटं कडेला गेली...

त्याने भंतेजींकडे बघितलं. भंतेजी पात्रात बघून जेवत होते. आमटी अळणी का खारट, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

प्रज्योत मागे गेला आणि मिठाची बरणी घेऊन आला. भंतेजींनी वाढू नका म्हणून सांगितलेलं, ते त्याला आठवत होतं. तरी वाढलं. पहिल्या ताटाच्या कडेला चिमूटभर ढीग. दुसऱ्या ताटाला. तिसऱ्या.

मामांनी त्यातलं बरंचसं आमटीत कालवलं. शेजारच्याने भाकरीच्या तुकड्याला लावून जरासं घेतलं. एकाने नुसतं बोट लावून चाटलं आणि पुढे हातही लावला नाही. आजींच्या ताटात वाढलं तर त्यांनी ते बोटाने आणखी कडेला लोटून दिलं. किती घेऊ म्हणून कुणी विचारलं नाही. दुसऱ्याने किती घेतलं तेही कुणी बघितलं नाही.

प्रज्योत पंगतीच्या मधोमध थांबला. चिमूट तशीच हवेत.

“थांबलास का?” भंतेजी मान वर न करता म्हणाले. “वाढ.”

त्याने उरलेली पंगत वाढली. घड्याळात बारा वाजायच्या आत भंतेजींनी पात्र खाली ठेवलं.

जेवणं उरकली, भांडी घासून झाली. भंतेजी परत पुढच्या पायरीवर येऊन बसले. बरणीत ती अजून अंड्यांना वारा घालत होती.

“हं. विचार आता.”

“काय?”

“सकाळी विचारत होतास ते. किती टाकू.”





प्रज्योतने उठून आपली पिशवी उघडली. तीत समुद्रफेसाचा एक मोठा पांढरा तुकडा होता. घरी जाऊन कुटायचा म्हणून वाटेत आयुर्वेदाच्या दुकानातून घेतलेला. तो न कुटता, अख्खाच घेऊन तो कमळाच्या कुंडीपाशी गेला आणि एका कोपऱ्यात पाण्यात ठेवला.

तुकडा टुपकन वर आला आणि पाण्यावर फिरायला लागला.

“तरंगाया लागलं की रे तुझं शास्त्र,” आजी म्हणाल्या.

लिंबाजीमामांनी तारेचा एक तुकडा काढला, समुद्रफेस एका दगडाला बांधला आणि कोपऱ्यात तळाला सोडला. गोगलगायींनी काही लगेच धाव वगैरे घेतली नाही. त्या आपल्या जिथल्या तिथे.

आता पोरगा तर प्रज्योतच. लगेच परत फुलला. भंतेजी, म्हणाला, कळलं मला. पूर्ण कळलं. इतके दिवस मी सगळं पाण्यातच विरघळवत होतो, सगळ्यांना एकच चव. आता यावर मी एक मोठा व्हिडिओच करतो, सगळ्या ग्रुपवाल्यांचे डोळे उघडतील, अहो लोकांना बेसिकच माहीत नाही...

भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं.

“आमटी कशी झालेली?”



“...पाणचट.”

“हं,” भंतेजी म्हणाले, आणि आत गेले.

व्हिडिओ काही झाला नाही.

पण मादीचं काय करायचं हे अजून राहिलंच होतं. घरच्या टाकीतलं पाणी कालच परत बदललेलं, तिथे न्यायची त्याला छाती होईना. इथे सोडायची तर ही उघडी कुंडी, खाली गाळ, वर कमळाची पानं, आतलं काही दिसत नाही. त्याने भंतेजींना विचारलं की इथे सोडू का. भंतेजी म्हणाले, तुझी आहे.

मग दुपारभर तो कुंडीपाशी बसला. चमचाचमचा कुंडीचं पाणी बरणीत घालत, तिला त्याची सवय करत. ही गोष्ट मात्र मानली पाहिजे, त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ऊन कललं तेव्हा त्याने बरणी पाण्यात आडवी केली. ती काठाशी आली, मिशा हलवल्या, आणि एका पानाखाली गेली.

लाल रंग गाळात मिसळून दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी प्रज्योत हजर. पानं उचलून बघितली. टॉर्च मारला. नाही दिसली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. पेन बुडवून बघितलं, आकडा नेहमीचाच. पानं उचलली. देठ बाजूला केले. गोगलगायी दिसल्या, समुद्रफेसाचा एक कोपरा कुरतडलेला दिसला. ती नाही.

असं चालूच राहिलं. भंतेजी रोज झाडून काढताना त्याला बघायचे, नमो बुद्धाय म्हणायचे आणि पुढे झाडायला लागायचे. प्रज्योतला वाटायचं की यांनी एकदा तरी म्हणावं, आहे रे, असेल. पण ते नाव काढत नव्हते.

रात्री त्याला झोप येईना. बेडकाने खाल्ली असेल. गाळात अडकली असेल. किंवा कात टाकताना... पांढरं कडं डोळ्यांसमोर यायचं. आई म्हणाली, अरे, पाण्यातला जीव पाण्यात सोडलायस. तो म्हणाला, तुला नाही कळायचं.

शेवटी एका सकाळी तो बादली आणि जाळी घेऊनच आला.

“भंतेजी, कुंडी उपसतो. तिला घरी नेतो. पाणी सगळं बादलीत ठेवतो, परत भरून देतो, एक थेंब सांडणार नाही. कमळालाही धक्का लावत नाही. पण हे असं मला नाही जमत.”

वाटलं होतं, नको म्हणतील. मग वाद घालायची पूर्ण तयारी करून आला होता, बसमध्ये मुद्देसुद्धा पाठ केले होते.

भंतेजी आत गेले आणि आपला स्टीलचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला.

“उपस.”

प्रज्योत जरा बावचळला. पण उपसायला लागला. एक तांब्या बादलीत. आणखी एक. भंतेजी कुंडीच्या काठावर बसून बघत होते.

प्रज्योतने पुढचा तांब्या वर काढला.

तांब्यात कात होती.

तिचीच. तोच डाळिंबी रंग, पण फिका, आरपार दिसणारा. मिशांपासून शेपटीपर्यंत अख्खी. आत कुणी नाही. पोटाखाली अंडीही नाहीत.

 गेली, म्हणाला. अंडी पण गेली. उशीर केला मी.

हातातला तांब्या कलंडायला लागला तसा भंतेजींनी खालून हात लावला.

“नीट बघ.”

“काय बघू? कात आहे.”

“बघ.”

प्रज्योतने डोळे पुसून तांब्यात बघितलं. कात पाठीवर उकललेली होती. स्वच्छ, सरळ. मानेपाशी पांढरं कडं नव्हतं. अडकून मेलेल्याची कात अशी नसते, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार. ही तर सदरा काढून ठेवावा तशी काढून ठेवलेली.

आणि कातीवर धूळ होती.

धूळ हलत होती.

त्याने श्वास धरला. स्टीलच्या तळावर ऊन पडलं होतं, त्या उजेडात धुळीच्या एकेका कणाला दोन दोन काळे ठिपके दिसत होते. डोळे. मोहरीहून लहान, काचेसारखे झिंगे, आईने टाकलेल्या कातीला चिकटून बसलेले. इवल्या पायांनी ती खुडत होते आणि तोंडात घालत होते. एकाच्या पाठीवर आत्ताच कुठे लाल झाक आली होती.

त्यांना काय लागणार होतं ते त्यांच्या समोर होतं, आणि ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेत होता.

 

मग प्रज्योतने एकदम दचकून बादलीत बघितलं. बादलीतही धूळ हलत होती. त्याने बादली इतकी हळू उचलली की जणू आत झोपलेलं मूल आहे, आणि काठाला टेकवून सगळं पाणी परत कुंडीत सोडलं. तांब्याही पाण्याखाली नेऊन कलता केला. कात समुद्रफेसाच्या दगडाशी जाऊन टेकली. एक गोगलगाय त्या दिशेने निघाली होती, तिच्या चालीने.

जाळी त्याने मागे गवतात टाकून दिली.

ऑफिसची वेळ टळून गेली होती. टेकडीवरून ऊन खाली आलं. आत कुणीतरी उदबत्ती लावली होती, तिचा वास येत होता.

दोघं काठावर बसले होते...

“भंतेजी.”

“हं.”

“पोरं आहेत. खूप आहेत.”

“हं.”

“पण ती कुठाय? कात टाकल्यावर अंग मऊ असतं तिचं, लपून बसावं लागतं. कशीये, काय... एकदा बघितली असती म्हणजे बरं वाटलं असतं.” त्याने मान वाकडी करून पानांखाली बघितलं, या बाजूने, त्या बाजूने. “कुठेच दिसत नाही.”

भंतेजींनी त्याने उचलून धरलेलं कमळाचं पान त्याच्या हातातून सोडवलं आणि पाण्यावर होतं तसं ठेवलं.

“मग तिलाही तू दिसत नसशील.”